कॅमेरा घडवणारा पेंटर

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. १ डिसेंबरला शहरातली चित्रपट व्यवसायातली मंडळी तिथे जमतात आणि त्या स्तंभाची पूजा करतात. १९१७ साली याच दिवशी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. गावोगावी पुतळे माणसांचे असतात, इथे मान यंत्राला दिला आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. बाबूराव पेंटर यांनी चित्रपट काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याजवळ कथा होत्या, रंग होते, जिवाला जीव देणारी माणसं होती. कॅमेरा मात्र नव्हता. तो घेण्याइतका पैसा नव्हता, आणि पहिलं महायुद्ध चालू असल्यामुळे पैसा असता तरी यंत्र बोटीने कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवला.

पारतंत्र्यातल्या देशात चित्रपट काढणं म्हणजे काय, हे या एका गोष्टीत सगळं आलं. कॅमेरा परदेशी, कच्ची फिल्म परदेशी, ती धुण्याची रसायनं परदेशी. थिएटरांत चालणारे बहुतेक चित्रपटही परदेशी, आधी युरोपातले आणि मग अमेरिकेतले. तयार झालेला चित्रपट दाखवावा की नाही हे ठरवणार सरकार, आणि तिकिटावर कर घेणारंही सरकारच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला होता. बाबूराव लंडनला गेले नाहीत. त्यांचं सगळं शिक्षण आणि सगळं काम कोल्हापूर नावाच्या एका संस्थानी गावात झालं.

त्यांचा जन्म ३ जून १८९० चा. आडनाव मेस्त्री. घराणं कारागिरांचं. वडील कृष्णराव लाकूड, लोखंड, दगड, रंग अशा सगळ्यांत हात चालणारे. बाबूरावांची शाळा लवकर सुटली आणि हत्यारं लवकर हातात आली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी कुठेच घेतलं नाही. पण त्या काळचं कोल्हापूर हीच एक कलाशाळा होती. शाहू महाराजांच्या पदरी आबालाल रहिमानांसारखा चित्रकार होता, अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई होते, तालमींत मल्ल होते, आणि नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत होते. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला आग लागली तेव्हा सारं गाव हळहळलं, ते उगाच नाही.

नात्याने भाऊ लागणारे आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव या दोघांनी १९१० च्या सुमाराला नाटकांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, इतर संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी कंपन्या त्यांच्याकडून पडदे रंगवून घेऊ लागल्या. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता असे पडदे सोडले की प्रेक्षक पात्रांकडे पाहण्याआधी पडद्याकडे बघत राहायचे. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले, आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

पडदे रंगवण्याच्या या धंद्यात बाबूराव एक गोष्ट शिकले, आणि तिच्यावर त्यांचा पुढचा सगळा चित्रपट उभा राहिला. सपाट कापडावर खोलीचा भास कसा निर्माण करायचा, हे त्यांना पक्कं माहीत झालं. तो भास कुठे फसतो, हेही त्यांना त्याच कामात समजलं. नट पडद्याच्या जवळ गेला की त्याची सावली आकाशावर पडते. वाऱ्याने कापड हललं की राजवाडा हलतो. नाटकाचा प्रेक्षक हे सोडून देतो, कारण त्याचं लक्ष गाण्याकडे असतं. कॅमेरा काहीच सोडत नाही.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघा भावांना त्याने झपाटलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि त्याच्यावर चित्रपट दाखवत त्याचा अभ्यास सुरू केला. पेणहून चित्रकला शिकायला आलेले विष्णुपंत दामले या धडपडीत त्यांच्याबरोबर होते. १९१६ मध्ये आनंदराव अचानक गेले. जोडीने पाहिलेलं स्वप्न एकट्यावर आलं. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम पुढे नेलं, आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला.

हे केवढं काम होतं, ते जरा तपशिलात पाहिलं पाहिजे. चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना भोकांच्या रांगा, आणि एका चित्राच्या उंचीत चार भोकं. एक फूट फिल्मवर १६ चित्रं बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं घेत, म्हणजे दर सेकंदाला फूटभर फिल्म यंत्रातून सरकायची. ती अखंड सरकली तर चित्र फरफटतं. तिने थांबलं पाहिजे, थांबलेली असताना झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे, आणि मिटलेली असतानाच एका आकड्याने भोकात शिरून फिल्म नेमकी चार भोकं खाली ओढली पाहिजे. हे सेकंदात १६ वेळा व्हायचं, आणि तेही हाताने हँडल फिरवून. आकडा केसभर चुकला की पडद्यावर सगळं जग थरथरायला लागतं. डबीत कुठे बारीक फट राहिली की फिल्म काळी पडते. आणि चूक झाली आहे हे कळतं केव्हा? फिल्म धुतल्यावर, म्हणजे महागाची फिल्म वाया गेल्यावर. लाकूड आणि धातू यांची सवय असलेले हात, आणि चित्रात खोट कुठे आहे ते ओळखणारा डोळा, असं दोन्ही एकाच माणसाकडे होतं म्हणून हे जमलं. या कॅमेऱ्याचा उल्लेख बहुधा कौतुकाच्या एका वाक्यात उरकला जातो. मला वाटतं, बाबूरावांच्या चित्रपटाची शैलीच तिथे घडली. ज्याने यंत्र स्वतः जुळवलं, त्याला ते काय पाहतं आणि काय पाहू शकत नाही हे बाहेरून शिकावं लागलं नाही.

कंपनीला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. गाण्याच्या बैठकींतून मिळवलेला पैसा एका न पाहिलेल्या धंद्यात घालणारी ही बाई चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीपुरती येते. तिच्यावाचून पुढचं काहीच घडलं नसतं. शाहू महाराजांनी जागा दिली, विजेसाठी जनरेटर दिला. कोल्हापूर हे संस्थान होतं, ब्रिटिश इलाख्याचा भाग नव्हतं, याचा फायदा असा की डोक्यावर एक आपला, कलेची जाण असलेला राजा होता. मर्यादाही तितकीच उघड होती. चित्रपट कोल्हापुरात तयार झाला तरी पैसा मिळणार पुण्या-मुंबईत, आणि तिथे कायदा इंग्रजांचा. चित्रपटांना परवाना सक्तीचा करणारा सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ मध्येच झाला होता.

स्टुडिओ कसला, एक मोठं कुटुंबच होतं ते. दामले होते, कागलचे फत्तेलाल होते. हे दोघे पुढे साऱ्या व्यवसायाचे ‘दामलेमामा’ आणि ‘साहेबमामा’ झाले. भीमाच्या ताकदीचे बाळासाहेब यादव होते, झुंजारराव पवार होते. १९२० मध्ये बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने शांताराम वणकुद्रे नावाचा विशीच्या आतला मुलगा आला आणि पडेल ते काम करू लागला. गुलाबबाई आणि अनुसयाबाई या दोघी पडद्यावर यायला तयार झाल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. चित्रपटात स्त्रियांनी काम करण्याची सुरुवात फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी केली होती, पण लोकांची नजर काही बदलली नव्हती. या दोघींना त्यांच्या लोकांनी वाळीत टाकलं आणि कंपनीच्या आवारातच राहावं लागलं. आज आपण त्या काळातल्या पुरुषांच्या हिमतीचं वर्णन करतो तेव्हा या दोघींनी काय मोजलं तेही त्याच दमात सांगायला हवं.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. ही कथा निवडण्यातच धाडस होतं. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, आणि अखेर भीमाच्या हातून कीचकाचा वध. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ हे नाटक लिहिलं होतं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत हिंदुस्थान पाहिला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. ‘सैरंध्री’ आला तेव्हा ती बंदी उठलेली नव्हती. मूकपटात संवाद नसतात, पण मराठी प्रेक्षकाला संवाद पाठ होते. पडद्यावर भीमाने कीचकाला उचललं की पुण्याच्या प्रेक्षागृहात काय होत असेल, त्याची कल्पना करता येते.

बाबूरावांनी तो वध असा दाखवला की बघणाऱ्यांना ते खरंच वाटलं. तुटलेलं शीर पाहून प्रेक्षक किंचाळले, बायका बेशुद्ध पडल्या, असं सांगतात. पुढे सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी ‘सैरंध्री’ पाहिला आणि बाबूरावांना सुवर्णपदक देऊन ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. टिळकांचा तो अखेरचा काळ. १ ऑगस्टला ते गेले. मंडालेहून सहा वर्षांची शिक्षा भोगून आलेल्या आणि खाडिलकरांना जवळून ओळखणाऱ्या माणसाने या कथेचा गौरव केला, यात चित्रकलेच्या कौतुकाखेरीज आणखीही काही होतं, असं मी मानतो.

पण टिळकांनाच काय, कुणालाही त्या वेळी थक्क करणारी गोष्ट दृश्याची होती. बाबूरावांनी रंगवलेला पडदा काढून टाकला. ज्या कामात त्यांचं नाव झालं होतं तेच काम त्यांनी कॅमेऱ्यापुढून हद्दपार केलं आणि त्याजागी घन, उभी, चारी बाजूंनी फिरता येईल अशी नेपथ्यरचना आणली. खांबाला गोलाई आली, दाराला जाडी आली, आणि पात्राला खोलीत शिरता येऊ लागलं. चित्रीकरणाआधी ते प्रत्येक दृश्याचं रेखाटन करत. वेश, उभं राहण्याची ढब, प्रकाश कुठून येणार, हे सगळं कागदावर आधी उतरे. फार बोलणारा हा माणूस नव्हे. नटांना भाषणं देण्यापेक्षा चित्र दाखवणं त्यांना सोपं वाटे. प्रकाशावर त्यांची हुकमत चित्रकाराची होती. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, आणि मधल्या अंधुक पट्ट्यात चेहरा. मूकपटाच्या त्या काळात आपल्याकडे बहुतेक चित्रीकरण उघड्या उन्हात, सपाट उजेडात होत असताना हे चाललं होतं.

‘सुरेखाहरण’ १९२१ मध्ये आला. त्यात शांताराम पहिल्यांदा पडद्यावर दिसले. मग १९२३ मध्ये ‘सिंहगड’. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. बाळासाहेब यादव तानाजी झाले आणि शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली. कडा चढून जायचं ते रात्री, म्हणून रात्र दाखवायलाच हवी होती. उन्हात चित्रीकरण करून फिल्म निळी रंगवली की झाली रात्र, असा सोपा मार्ग तेव्हा रूढ होता. बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. भारतीय चित्रपटात हे नवं होतं. मुंबईत ‘सिंहगड’ला इतकी गर्दी झाली की ती पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. मुंबई इलाख्याचा करमणूक कर कायदा १९२३ चाच आहे, तेव्हा गोष्ट कालक्रमाला धरून आहे. पण बंगालात असा कर त्याच्या आदल्या वर्षीच आला होता, आणि महायुद्धानंतर पैशाच्या ओढीत असलेल्या सरकारची नजर तिकीटबारीकडे आज ना उद्या वळणारच होती. गोष्टीतलं खरं एवढं, की देशी चित्रपटाची गर्दी आता सरकारी कागदावर यावी इतकी मोठी झाली होती.

याच काळात त्यांनी जाहिरातीचंही रूप बदललं. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका काढल्या, आणि पोस्टर स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतलं अगदी जुन्यांपैकी एक आहे. त्याच वर्षी लंडनजवळ वेंब्ली इथे साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. तिथे ‘कल्याण खजिना’ला पदक मिळालं, आणि ‘सती पद्मिनी’ही तिथे दाखवला गेला. साम्राज्याच्या वसाहतींत काय काय पिकतं आणि बनतं ते दाखवण्याच्या त्या जत्रेत, कोल्हापूरच्या स्टुडिओतून शिवाजी महाराजांवरचा चित्रपट गेला होता.

आता १९२५ कडे येऊ. या वर्षी बाबूरावांनी जे केलं त्यासाठी हे प्रकरण मी लिहितो आहे.

नारायण हरी आपटे हे तेव्हाचे लोकप्रिय कादंबरीकार. प्रभात फिल्म कंपनीने पुढे काढलेल्या ‘कुंकू’ची मूळ कथाही त्यांचीच. त्यांच्या कथेवर बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. एक शेतकरी. सावकार त्याला फसवतो. जमीन जाते. घर सोडून तो शहराकडे निघतो आणि गिरणी कामगार होतो. चमत्कार नाही, देव नाही, मावळे नाहीत, तलवार नाही. तरुण शेतकरी झाले होते शांताराम, त्याची बायको कमलादेवी, आणि सावकार झुंजारराव पवार.

ही कथा महाराष्ट्राच्या किती जवळची होती, ते पन्नास वर्षं मागे गेल्यावर कळतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली आणि कर्जाचे रोखे जाळले. दंगा पुणे-नगरच्या गावोगावी पसरला. जीव घेण्यापेक्षा कागद जाळण्याकडे लोकांचा ओढा होता, कारण त्यांच्या गळ्याला फास लागला होता तो त्या कागदांचाच. रयतवारीत सारा रोख भरायचा, पीक बुडालं तरी भरायचा, आणि रोख फक्त सावकाराकडे. अंगठा उठवला की आकडा तो म्हणेल तो. खटला झाला तर न्यायालय कागदच पाहणार. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा केला, तरी पाश सुटला नाही. जमीन गेलेली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि चाळींत भरत राहिली. १९२५ च्या प्रेक्षकांत अशी किती तरी माणसं बसलेली असणार.

या कथेला बाबूरावांनी कॅमेऱ्याने काय दिलं? चित्रपट बघितलेल्यांनी पुढे वारंवार सांगितला तो एक प्रसंग. रात्र, अंधारात एक झोपडी, आणि तिच्याजवळ केकाटणारं कुत्रं. मूकपट असल्यामुळे त्याचा आवाज नाही. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी तरुणपणी तो पाहिला आणि ती झोपडी ते कधी विसरले नाहीत. पौराणिक चित्रपटातली झोपडी स्वच्छ असते, तिथे ऋषी राहतात. इथली झोपडी कर्जबाजारी माणसाची होती. सेकंदाला १६ चित्रांच्या त्या अंधारात भूक दिसत होती.

भारतीय चित्रपटाच्या वास्तवाची चर्चा अनेकदा ‘दो बिघा जमीन’पासून सुरू होते. १९५३ चा तो चित्रपट थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जमीन गमावून शहरात आलेला शेतकरी आपल्या पडद्यावर त्याच्या २८ वर्षं आधी येऊन गेला होता, आणि त्याला आणणारा माणूस पुराणातल्या नि इतिहासातल्या भव्य दृश्यांसाठी नावाजलेला होता, हे लोकांना माहीत असायला हवं. भव्यतेकडून झोपडीकडे बाबूराव अचानक वळले असं मात्र मला वाटत नाही. कीचकाचं शीर, सिंहगडावरची रात्र आणि सावकाराच्या पाशातली झोपडी या तिन्हींमागे एकच आग्रह होता. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते पटलं पाहिजे. जे डोळ्याला पटतं तेच पोटात शिरतं, हे पडदे रंगवताना त्यांनी हजारदा अनुभवलं होतं.

‘सावकारी पाश’ला अपेक्षित यश मिळालं नाही. प्रेक्षकांना देव आणि मावळे हवे होते. याचा दोष मी प्रेक्षकांना देणार नाही. पारतंत्र्यात राहणाऱ्या माणसाने चार आणे देऊन तानाजीला कडा चढताना पाहावं, यात कमीपणा काय आहे? पण कंपनीने पुन्हा पुराणांकडे वळावं हे ठरून गेलं. ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ असे चित्रपट आले आणि चालले.

व्यवसाय किती अरुंद जागेत उभा होता, त्याचे आकडे १९२७-२८ मध्ये मिळाले. हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे गोऱ्या माणसाची पत जाते आणि ब्रिटिश चित्रपटांची बाजारपेठही जाते, या दुहेरी काळजीतून सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. १९२६-२७ मध्ये देशात दाखवल्या गेलेल्या कथापटांत भारतीय चित्रपट जेमतेम १५ टक्के निघाले. साम्राज्यातल्या चित्रपटांना झुकतं माप द्या, असं समितीने म्हणावं ही सरकारची इच्छा होती. समितीने ते नाकारलं आणि देशी चित्रपटाला मदत करा असं सांगितलं. सरकारने अहवाल बाजूला ठेवला. कोल्हापूरच्या कंपनीला जनरेटर मिळाला होता तो राजाकडून, भांडवल मिळालं होतं ते गायिकेकडून. इंग्रज सरकारकडून मिळाली ती कात्री आणि कराची पावती.

तरी कंपनी मोडली ती सरकारमुळे नाही. आत माणसं मोठी झाली होती. १९२७ मध्ये शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलालांनी ‘महारथी कर्ण’. व्यवहार हा बाबूरावांचा प्रांत नव्हता. भागीदारांशी मतभेद वाढत गेले. काम येणाऱ्या आणि दिवसरात्र राबणाऱ्या माणसांना कंपनीत वाटा नव्हता. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या हाताखालून एकाच वेळी नेपथ्यकार, कॅमेरामन आणि दिग्दर्शक गेले. गुरूच्या घरातून शिष्य बाहेर पडतात तेव्हा दोन्हीकडे खरं असतं. त्यांना वाढायला जागा हवी होती, आणि मागे राहिलेल्याचे हात गेले होते. थोड्याच काळात बाबूराव स्वतःही कंपनीतून बाहेर पडले, आणि ती बंद पडली.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने चित्रपट बोलायला लागला. बाबूरावांना ते रुचलं नाही. इतक्या कष्टाने घडत आलेली दृश्याची भाषा बोलपटाने बुडेल, असं त्यांना वाटत होतं. पहिल्या काही वर्षांतले बोलपट पाहिले तर त्यांची भीती निराधार नव्हती. मायक्रोफोनला बांधलेले नट जागच्या जागी उभे राहून संवाद म्हणत होते, आणि चित्रपट पुन्हा नाटकाच्या पडद्यापुढे येऊन थांबला होता. तरी शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे बोलपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलता. अकरा वर्षांपूर्वी न चाललेल्या विषयाकडे माणूस परत येतो तेव्हा तो त्याला किती जवळचा असेल, याचा याहून वेगळा पुरावा लागत नाही.

त्यानंतरची वर्षं मात्र भराभर सांगण्यासारखी. अधूनमधून चित्रपट, आणि सतत चित्रकला नि शिल्पकला. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांच्याकडे आला, आणि दिग्दर्शक म्हणून गुरुशिष्यांची नावं त्यावर एकत्र लागली. अखेरचा ‘महाजन’ १९५३ चा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

त्यांचं काम आज पाहायचं तर अडचण मोठी आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, आणि जळली नाही तर काळाने तिचा भुगा होतो. मूक ‘सावकारी पाश’ची प्रत उरलेली नाही. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी काहींचे तुकडेच काय ते वाचले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून बाबूरावांचा हात पाहायचा तर प्रभातचे चित्रपट लक्ष देऊन पाहावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यातही १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, एक बाबूरावांकडे चित्रकला शिकायला आलेला, दुसरा त्यांच्याच कारखान्यात वाढलेला. त्यातलं तुकोबांचं घर बघा. सारवलेली भिंत, चुलीचा धूर, दारातून आत येणारा उजेड, आणि त्या उजेडात संसाराला कावलेली त्यांची बायको आवली. ते घर कुठल्याही पडद्यावर रंगवलेलं नाही. त्यात माणूस आत-बाहेर करू शकतो, भांडं ठेवू शकतो, भिंतीला टेकू शकतो. हे घर बांधायला त्या दोघांना शिकवलं कुणी, ते आता आपल्याला माहीत आहे.